पडलेल्या शिपायांच्या दाढ्या

तांब्याच्या पत्र्यावर ओला कोळसा घासला की एक आवाज निघतो. त्यानं दात शिवशिवतात. सतराव्या वर्षापर्यंत मी रोज सकाळी त्याच आवाजानं जागी झाले आणि रोज जागी होताना चिडले. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर मांडी घालून कोरायचा पत्रा घासून गुळगुळीत करत बसलेले असायचे. आई नहरीच्या पाण्याचे हंडे भरून आणून चुलीपुढं बसलेली असायची, आणि भाकरी थापण्याचा नि कोळसा घासण्याचा आवाज एकाच तालात चालायचा. तासाभरानं कासारी बाजारातल्या हातोड्या सुरू झाल्या की मग दोन्ही आवाज बुडून जायचे. आईचं रोजचं एकच म्हणणं असायचं, "पत्रा बाहेर घासावं म्हणलं तर ऐकत न्हाईत. भाकरीला कोळशाची चव यायली." अण्णा वर न बघता म्हणायचे, "येसरात बुडवली की काय कळत न्हाय." आणि खरंच, आईच्या येसराच्या आमटीत बुडवल्यावर कशाचीच चव कळायची नाही, इतकी ती झणझणीत असायची.

अण्णांचा मूळ धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. पण त्यांचा जीव रमायचा तो चित्रांत. आमच्या घरापासून दोन गल्ल्या ओलांडल्या की उस्तादांचा छापखाना होता. उस्ताद म्हणजे हमीदमियाँ; अण्णांहून दहाएक वर्षांनी मोठे, उंच, किंचित वाकलेले, आणि उजव्या हाताचा तळवा कायम काळा. त्यांच्याकडं दोन लोखंडी रुळांचं एक जुनं यंत्र होतं. चरख्यासारखं मोठं चाक फिरवलं की रुळांमधून पत्रा, त्यावरचा ओला कागद आणि वरची घोंगडी सरकत जायची, नि पलीकडं चित्र निघायचं. अण्णा तरुणपणी त्यांच्याकडं काम शिकायला गेले आणि मग कायमचे तिथलेच झाले. उस्ताद चित्र काढायचे, अण्णा ते तांब्यावर कोरायचे आणि उस्ताद छापायचे.

चित्रं बहुतेक लढायांची. आता कुणाला सांगितलं तर नवल वाटतं, पण त्या काळात भिंतीवर लढाई असणं ही घराची शोभा होती. मोहरम जवळ आला की करबलाचं चित्र जायचं; त्यात घोडा असायचा, बाण लागलेला, आणि स्वाराच्या चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. दसऱ्याच्या आधी लंकेतलं युद्ध आणि कुरुक्षेत्र. तालमीत, न्हाव्याच्या दुकानात, सरायांच्या दारात किल्ल्यावरच्या चढाया. आणि एक चित्र तर बारा महिने खपायचं. पुढं एक घोडेस्वार, मागं धूळ, भाले, पडलेले हत्ती. स्वाराच्या पायाखाली एक पट्टी कोरी सोडलेली असायची. सिल्लोड, गंगापूर, वैजापूरकडचे पाटील-देशमुख यायचे आणि आपल्या खापरपणज्याचं नाव सांगायचे. उस्ताद अक्षरांचे खिळे जुळवून ते नाव त्या पट्टीत छापायचे. एकच स्वार किती गावांत कुणाकुणाचा पूर्वज म्हणून भिंतीवर बसला असेल, देव जाणे. दोन सोयऱ्यांच्या घरी एकच पणजोबा निघाल्याची तक्रार एकदा आली होती. उस्तादांनी दुसऱ्या वेळी मिशा बदलून दिल्या.

माझ्या हातात कोरणी कशी आली, ते कुणी ठरवलं नव्हतं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते कबूल करत नव्हते. आधी त्यांनी मला गवत कोरायला दिलं, मग धूळ, मग घोड्यांच्या शेपट्या. सोळावं संपेपर्यंत मी चेहरे कोरत होते आणि अण्णा नुसते शेजारी बसून अंगठा पत्र्यावर फिरवत होते. त्यांना दिसत नव्हतं ते अंगठ्याला कळायचं. "हात कशाला हलवायलीस? हात गप ठिव, पत्रा फिरव." वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवायचा, डाव्या हातानं तो फिरवायचा आणि उजव्या हातातली कोरणी जागची हलू द्यायची नाही, गोल रेघ अशीच निघते. उस्ताद तेच त्यांच्या बोलीत सांगायचे, "कलम नक्को चलाव बेटी. तांबे कू चलने दे." सगळं उलटं कोरायचं, उजव्या हातातली तलवार डाव्या हातात, अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी. मी त्यात इतकी तयार झाले होते, की सरळ अक्षर वाचायला मला एक क्षण जास्त लागायचा.

आणि या सगळ्याला काम म्हणत नसत. गिऱ्हाईक आलं की अण्णा पत्रा स्वतःच्या मांडीवर ओढून घ्यायचे. मी कोरणी पदराखाली घेऊन आत जायचे. "पोरगी कोरती म्हणलं की लोक म्हणतील कच्चं हाय," हे त्यांचं कारण. आईचं कारण वेगळं होतं. माझ्या बोटांवरचे काप आणि नखांतली शाई बघून ती म्हणायची, "बघायला आलेल्यांपुढं हात झाकून बस म्हणायचं का हिला?" खरं तर कोरणाऱ्याचं नाव चित्राखाली घालायची आमच्याकडं रीतच नव्हती, अण्णांचंही नाव कधी कुठं नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. रोज वाटायचं. हे लिहितानाही थोडं वाटतंय, आणि या वयात ते शोभत नाही हे मला कळतं.

रझाकारांच्या दिवसांत आम्ही सहा महिने गंगापूरकडं मामाच्या गावी जाऊन राहिलो होतो, तेव्हा आमच्या घराला उस्तादांनी आपलं कुलूप लावून ठेवलं होतं. पोलीस ॲक्शन झाल्यावर आम्ही परत आलो आणि पुढचे पंधरा दिवस उस्ताद, त्यांची बायको नि धाकटी सून आमच्या माजघरात लपून होते. त्याबद्दल दोन्ही घरांत नंतर कुणी काही बोललं नाही. उस्तादांचा मुलगा कराचीला गेला. पुढं सूनही गेली. उस्तादांना विचारलं तर ते यंत्राकडं बोट दाखवायचे. "इसकू कौन उठाके ले जाता?" ते राहिले, पण छापखान्याच्या भिंतीवर मांडलेली चित्रं त्यांनी काढून ठेवली. करबला मागायला कुणी आलं तर ते आत नेऊन, घडी घालून द्यायचे. लढाईचं चित्र विकताना त्यांना आधी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचावा लागायचा, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

ॲक्शननंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात गुलमंडीकडच्या एका मंडळाचे लोक आमच्या ओसरीवर आले. त्यांचे चिटणीस एक वकील होते. गोरे, गुळगुळीत, बोलायला गोड. दसऱ्याला मंडळाच्या नव्या दालनात लावायला आणि लोकांना द्यायला त्यांना लढाईचं मोठं चित्र हवं होतं. "आता आपलं राज्य आहे, अण्णा. आपल्या भिंतीवर आपली लढाई हवी." कुठली लढाई, असं अण्णांनी विचारलं. त्यावर मंडळातच भांडण लागलं. एकाला हा किल्ला हवा होता, दुसऱ्याला तो. तीन बैठका होऊनही ठरेना. शेवटी उस्ताद म्हणाले, "एक किल्ला बनाता मैं. जिसकू जो समझना, समझो." आणि त्यांनी कागदावर एक डोंगर काढला, त्यावर तट, खाली दोन फौजा भिडलेल्या. मी ते रेखाटन अजून डोळ्यांपुढं आणू शकते. पुढच्या भागात सात शिपाई पडलेले होते, कुणी पालथा, कुणी उताणा, एकाचा हात दुसऱ्याच्या छातीवर. त्यातले कोण कुणाकडचे, हे कळत नव्हतं. सगळे सारखेच थकलेले आणि सारखेच मेलेले.

दोन महिने मी ते कोरलं. इतका मोठा पत्रा मी कधी केला नव्हता. अण्णांनी डोंगर आणि ढग केले, आडव्या रेघा अंगठ्यानं मोजत. बाकी सगळं माझं. सहाशेच्या वर माणसं होती, लांबची नुसती टिंबं, जवळची बोटभर. मान मोडून यायची. दर आठवड्याला वकील यायचे आणि दर आठवड्याला काही तरी बदलायचं निघायचं. तट उंच करा. हत्ती कमी करा, हत्ती त्यांच्याकडचे वाटतात. धूर वाढवा. तांब्यावर कोरलेली रेघ पाटीवरच्या अक्षरासारखी पुसता येत नाही, हे त्यांना दहादा सांगितलं. ती रेघ तासायची, जागा घोटायची, मग मागच्या बाजूनं हातोडीनं ठोकून तेवढा भाग वर आणायचा आणि पुन्हा घोटायचा. एका हत्तीला चार दिवस लागतात. वकील म्हणायचे, "असं होय? बरं बरं," आणि पुढच्या आठवड्यात दुसरा हत्ती दाखवायचे. मला रात्री जेवताना घास उचलवत नसे, इतकी बोटं आखडायची. आई येसर भाकरीवर ओतून कुस्करून द्यायची आणि तोंडानं वकिलाचा उद्धार करायची.

दसऱ्याला बारा-तेरा दिवस उरले असताना पहिली छाप काढली. छापखान्यात वकील, मंडळातले दोघं, अण्णा, उस्ताद आणि दाराशी मी. ओला कागद उचलला तेव्हा उस्तादांच्या तोंडून "सुभानअल्लाह" निघालं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सांगायला हरकत नाही, त्या एका नजरेवर मी पुढचे सहा महिने जगू शकले असते. पण वकील कागदापुढं उभे राहिले, मागं सरकले, डोळे बारीक केले.

"छान आहे. पण शत्रू कोण ते कळत नाही."

अण्णा म्हणाले, "झेंडे हायेत की दोन."

"झेंडा लांबून दिसत नाही."

"मग बघणाऱ्यानं जवळ यावं."

मंडळातला एकजण हसला. वकील हसले नाहीत. त्यांनी पडलेल्या सात जणांवरून बोट फिरवलं. "हे पडलेत ना? मग हे त्यांचे. ह्यांना दाढ्या घाला. दाढ्या आणि तशा टोप्या. एका नजरेत कळलं पाहिजे."

उस्ताद शाईचा हात फडक्याला पुसत होते. सावकाश म्हणाले, "वकीलसाब, उस जमाने में दोनों तरफ दोनों थे. जामा वहीच, पगडी वहीच. तलवारां भी एकीच दुकान के. मैं किसकू दाढी लगाऊं?"

"उस्ताद, लोकांना इतिहास नको असतो. चित्र हवं असतं."

"चित्र तो यह है," उस्ताद म्हणाले.

अण्णा उठले. त्यांना राग आला की ते बोलत नसत, धोतराचा सोगा झटकायचे. तो झटकून ते एवढंच म्हणाले, "होनार न्हाय ते. ह्ये न्यायचं तर न्या."

मला दोघांचाही राग आला. हे खरं लिहायला हवं, नाहीतर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, ह्यांचं काय जातंय? मान माझी मोडली, बोटं माझी फाटली. आणि सात दाढ्यांवरून हे दोघं चित्र आता पत्र्यासकट मोडीत घालणार. मला दालनात लागलेलं ते चित्र दिसत होतं, आणि त्यापुढची गर्दी.

दुसऱ्या दिवशी उस्ताद खुलताबादला उरुसाला गेले, तीन दिवसांसाठी. अण्णा वैद्याकडं डोळ्यांत औषध घालून घ्यायला गेले होते. आई धुणं घेऊन गेली होती. वकील आले ते नेमके तेव्हा, आणि मला आता वाटतं की ते बघूनच आले असावेत. ओसरीच्या पायरीशी उभे राहून म्हणाले, "यमुनाबाई, हे सगळं तुम्ही कोरता, हे मला ठाऊक आहे."

मला जन्मात कुणी यमुनाबाई म्हटलं नव्हतं. यमे, यमू, नाहीतर नुसतं अगं.

ते म्हणाले, "मराठवाड्यात अशी मुलगी नाही. चित्राखाली नाव घालू तुमचं. कोरणार, कुमारी यमुना, कासारी बाजार. दसऱ्याच्या सभेत तुम्हाला उभं करून सांगू. फक्त ते तेवढं झालं पाहिजे. अर्ध्या दिवसाचं काम आहे, तुमच्या हाताला."

"अण्णा नको म्हणालेत."

"अण्णांचे डोळे गेलेत. आणि उस्ताद... उस्तादांचं आपण समजू शकतो." हे त्यांनी असं म्हटलं, की जणू आम्ही दोघं एका बाजूचे होतो.

अर्धा दिवसही लागला नाही. पाच जणांना दाढ्या कोरल्या. दोघं पालथे होते. दाढी कोरणं सोपं असतं, घोड्याच्या आयाळीसारखं. टोप्यांसाठी पगड्यांच्या कडा गडद केल्या. कोरताना मी काहीही विचार करत नव्हते. फक्त हात स्थिर होता, इतका स्थिर की मला त्याचं कौतुक वाटलं. अण्णा परत आले, जेवले आणि सवयीनं पत्र्यावरून अंगठा फिरवला. तो एका जागी थांबला.

"हितं काय केलंस?"

"सावली गडद केली," मी म्हणाले.

ते थोडा वेळ अंगठा तिथंच ठेवून बसले. मग हात उचलला. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

छापायला उस्तादच हवे होते. ते यंत्र दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे. चौथ्या दिवशी सकाळी मी पत्रा कापडात गुंडाळून नेला. वकील आधीच येऊन बसले होते. कागजीपुऱ्याहून आलेले कागद ओले करून द्यायचं काम माझं. उस्तादांनी पत्रा निखाऱ्यावर कोमट केला, काजळ आणि जवसाच्या तेलाची शाई चोपडली, मलमलीनं पुसली आणि मग शेवटचं पुसणं तळव्यानं करायला लागले. तळव्यानं पुसताना रेघांत शाई राहते आणि बाकी तांबं लखलखतं. चित्र उमटायच्या आधी पत्र्यावरच दिसतं. तळवा खालच्या भागावर आला आणि थांबला.

मी ओल्या कागदाचे कोपरे धरून उभी होते. वकील खुर्चीत पुढं सरकले होते. बाहेर कुणी तरी शेळी ओढत नेत होतं, तिचं ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं, तरी उस्ताद तसेच वाकलेले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बेटी, यह लकीर गहरी गई. दाढी कू इत्ता गहरा नहीं खोदते. शाई पकडती. मुँह पो काला कपडा बांधे सरीका दिखता."

एवढंच. मग त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, पत्र्यावर ठेवला, घोंगडी पसरली आणि चाक फिरवलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून त्यांनी दीडशे कागद छापले. प्रत्येक वेळी तळव्यानं ते चेहरे पुसून. मी प्रत्येक वेळी वाट बघितली की आता ते पत्रा फेकतील, आता वकिलाला हाकलतील, मला तरी काही बोलतील. ते फक्त म्हणायचे, "कागद दे."

दसऱ्याला चित्र लागलं. दालनात फुलांच्या माळा, सनई, पेढे. लोक पुढं जाऊन बघत होते, मुलांना उचलून दाखवत होते. वकील म्हणाले होते तसंच झालं. एका नजरेत कळत होतं. खाली ठळक अक्षरात मंडळाचं नाव होतं. त्याखाली काही नव्हतं. सभेत मंडळाचे आभार मानले गेले, देणगीदारांचे मानले गेले, "शहरातील कारागिरांचे" मानले गेले. मी बायकांत बसले होते, आईनं जबरदस्तीनं नेसवलेलं हिरवं लुगडं नेसून. सभा संपल्यावर मी गर्दीतून वकिलांपर्यंत गेले. ते मला बघून हसले आणि आवाज खाली करून म्हणाले, "अगं, नाव घालणार होतो. पण मंडळातले म्हणाले, लग्नाची मुलगी आहे, उगाच चारचौघांत नाव कशाला? तुझ्याच भल्यासाठी." यमुनाबाईची अगं झाली होती. मी म्हणाले, "बरं." माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल, तर त्या माझ्याच 'बरं'ची.

चार दिवसांनी मी उस्तादांना आईनं केलेले धपाटे द्यायला गेले. छापखान्याच्या दारावर ते चित्र चिकटवलेलं होतं. मंडळाच्या कुणा पोरांनी केलं असेल, किंवा कुणी तरी मुद्दाम. मला कळलं नाही. उस्ताद ओलं फडकं घेऊन उभे होते. मला वाटलं ते ओरबाडतील. पण ते कागद भिजवत होते, कडेनं, हळूहळू, आणि बोटांच्या टोकांनी सोडवत होते, जराही न फाडता. पूर्ण सुटल्यावर त्यांनी तो उंबऱ्यावर वाळत टाकला. मला बघून म्हणाले, "अच्छा कागज है. खराब क्यों करना?" मी धपाट्यांचं फडकं तिथंच ठेवून पळत घरी आले.

छापून झाल्यावर पत्रा आमच्याकडंच परत आला होता. मी तासणी घेतली आणि त्या पाच चेहऱ्यांवर बसले. भर दुपारी, ओसरीवर, कुणीही बघो. दाढ्या तासल्या, टोप्या तासल्या, खोल गेलेल्या रेघा तळापर्यंत खरवडल्या. घामानं हत्यार हातातून निसटत होतं, एकदा अंगठा कापला आणि रक्त तांब्यावर पसरलं, तरी थांबले नाही. त्या नादात त्यातल्या दोघांचे डोळेही खरवडले गेले. अण्णा झोपेतून उठून बाहेर आले, आवाजावरून त्यांनी ओळखलं. खाली बसून अंगठा फिरवला. पाच चेहऱ्यांच्या जागी पाच खळगे होते.

"मागून ठोकाय पाहिजे व्हतं," ते म्हणाले. "खळगा शाई धरतोय. आता तिथं काळे डाग उठतेत. एवढं बी शिकली न्हाईस का?"

मी ओरडले. अण्णांवर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. "तुम्ही दोघं मला शिव्या तरी द्या की! लकीर गहरी गेली, मागून ठोक! मी काय केलं ते तुम्हाला दिसत नाय का?"

आई आतून धावत आली. अण्णा माझ्या दिशेनं बघत राहिले, पण जरा बाजूला, जिथं मी नव्हते. मग म्हणाले, "मला न्हाय दिसत. ज्याला दिसतंय त्याच्याकडं जा."

मी पत्रा छातीशी धरून उस्तादांकडं गेले. सगळं सांगितलं. वकील कधी आले, काय म्हणाले, मी काय बोलले, अण्णांना काय खोटं सांगितलं. उस्ताद यंत्राशेजारच्या बाकड्यावर बसून ऐकत होते. मी म्हणाले, "मला रागवा. मारा."

"काहे कू?" ते म्हणाले. "तू खोदी. छापा मैं. दीड सौ बार छापा." तळवा उघडून त्यांनी माझ्यापुढं धरला, रेघांतली शाई तशीच होती. "वकील सामने बैठा था. मैं 'नहीं' बोलता तो क्या होता, मेरे कू मालूम नहीं. शायद कुछ भी नहीं होता. मगर मैं बोला नहीं. इस गाँव में रहना है, यह सोचा. तू तो बच्ची है. मैं उस्ताद था."

मी पत्रा बाकड्यावर ठेवला. त्यांनी तो बघितला नाही.

"कल से नक्को आना," ते म्हणाले. "तेरे ऊपर गुस्सा नहीं है, बेटी. तेरे सामने मेरे से बैठा नहीं जाता."

पुढं वकील आणखी दोनशे प्रती हव्यात म्हणून आले. पत्रा बघून त्यांनी ओसरीवर जो तमाशा केला तो साऱ्या गल्लीनं ऐकला. पण त्यांचं काही अडलं नाही. छापलेल्या एका चांगल्या प्रतीवरून त्यांनी पुण्याहून ब्लॉक करून आणला, आणि ते चित्र मग स्वस्त कागदावर, रंग भरून, जत्रांतून वर्षानुवर्षं विकलं गेलं. माझं सगळं खरवडणं वाया गेलं. काही वर्षांपूर्वी नातीसाठी स्थळ बघायला आम्ही सिल्लोडला गेलो होतो, तिथं बैठकीत ते काचेत लावलेलं दिसलं. यजमान कौतुकानं म्हणाले, "जुनं आहे, आमच्या आजोबांनी आणलेलं." मी म्हणाले, "हे मी कोरलंय. ह्या दाढ्या आधी नव्हत्या." त्यांनी माझ्या मुलाकडं बघितलं, मुलानं त्यांच्याकडं बघितलं, आणि कुणी तरी मला विचारलं, "आजी, चहात साखर चालते ना?"

उस्तादांनी त्यानंतर लढाई छापली नाही. अत्तराच्या कुप्यांची लेबलं, हिमरू शालींच्या खोक्यांवरची वेलबुट्टी, एवढंच. अण्णांची नजर पुरती गेली होती, तरी ते रोज काठी टेकत दोन गल्ल्या ओलांडून तिकडं जायचे. दोघं बाकड्यावर बसून बोलत असायचे, पूर्वीसारखंच, हत्यारांबद्दल, कागदाबद्दल, मेलेल्या माणसांबद्दल. जेवायची वेळ झाली की आई मला अण्णांना बोलवायला धाडायची. नको म्हणण्याची सोय नव्हती. मी दाराशी जाऊन उभी राहायचे. सतरा वर्षांची मी, लहानपणी त्यांच्यासमोर त्याच फरशीवर रांगलेली. आणि मला येताना बघून उस्ताद बोलणं थांबवायचे, गुडघ्यांवर हात टेकायचे आणि परक्या घरची बाई यावी तसे उठून उभे राहायचे.